नऊ पौंड, पंधरा पेन्स

चीनमधल्या एका उच्च माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी श्रवण, व्याकरण आणि शब्दसंपदा अशी तिहेरी चाचणी तयार करणे, ती घेणे आणि तिचा निकाल ज्याचा त्याच्या हाती देणे या कामात माझे २०१८-१९ हे शैक्षणिक वर्ष गेले. त्याआधी अकरा वर्षे मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीवर उपयोजित भाषाविज्ञानात संशोधन करायला मी हबेई प्रांताच्या राजधानीत, शिजियाझुआंगला गेले, तेव्हा मनातला प्रश्न मी सोलापूरहूनच बरोबर नेला होता. एखाद्या मुलाला ऐकलेले इंग्रजी कळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय येत नसते?

श्रवणाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले की उत्तरपत्रिकेवर एक शून्य पडते, पण त्या शून्याच्या पोटात निरनिराळी कारणे असू शकतात. तो शब्दच मुलाला माहीत नसेल. किंवा छापलेला शब्द पाहताक्षणी ओळखत असेल, पण तोच शब्द कानावर पडल्यावर त्याला परका वाटला असेल. किंवा शब्द सगळे ओळखले असतील, पण वाक्याची घडण लक्षात आली नसेल. किंवा सगळे नीट कळूनही छापील पर्याय वाचून होण्याच्या आतच ध्वनिमुद्रण पुढे गेले असेल. या चारही मुलांना लागणारी मदत वेगवेगळी आहे, आणि परीक्षा मात्र चौघांना एकच गुण देते. मला हे शून्य उकलून पाहायचे होते.

चीनमधल्या इंग्रजीच्या परीक्षेविषयी बोलायचे तर गाओकाओपासूनच सुरुवात करावी लागते. विद्यापीठ प्रवेशाची ही परीक्षा साधारणपणे ७ जूनपासून होते, आणि चिनी भाषा व गणित यांच्या बरोबरीने इंग्रजीलाही १५० गुण असतात. मी गेले तेव्हाच्या राष्ट्रीय स्वरूपाच्या प्रश्नपत्रिकेत श्रवणाला ३० गुण होते. वीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय; पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवायचे आणि पुढचे मोठे उतारे दोनदा. व्याकरणासाठी एका उताऱ्यातल्या दहा रिकाम्या जागा भरायच्या, त्यांचे १५ गुण. शब्दांच्या बाबतीत ‘साडेतीन हजार’ हा आकडा प्रत्येक मुलाच्या तोंडी असतो, कारण गाओकाओसाठी तेवढे शब्द पुरेत असे धरून त्यांची छोटी पुस्तके छापली जातात आणि ती सकाळच्या मोठ्याने वाचण्याच्या तासाला प्रत्येकाच्या हातात दिसतात. ८ जूनला दुपारी तीन वाजता इंग्रजीचा पेपर सुरू होतो, तेव्हा परीक्षाकेंद्रांच्या आसपास हॉर्न वाजवायला बंदी असते आणि बांधकामे थांबवलेली असतात. तीस गुणांसाठी शहर शांत राहते, ही गोष्ट मला कौतुकाची वाटली आणि अजूनही वाटते.

या श्रवणविभागाच्या आरंभी एक नमुना प्रश्न ऐकवला जातो. शर्टाची किंमत किती, असा तो प्रश्न असतो आणि उत्तर असते नऊ पौंड पंधरा पेन्स. हा नमुना वर्षानुवर्षे इतका कायम राहिला आहे की ‘शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स’ हे वाक्य म्हटले की चीनमधला कोणताही विद्यार्थी ओळखीचे हसतो. मी पहिल्यांदा वर्गात गेले, तेव्हा बोलता बोलता ‘शर्ट’ हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि पन्नास मुलांनी एका सुरात, अगदी ध्वनिमुद्रणातल्या त्याच चढउतारासह, ती किंमत सांगितली. त्या वेळी मी ते गमतीचे समजून सोडून दिले. त्यात माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे हे उमगायला पुढचे काही महिने जावे लागले.

शाळेची परवानगी मिळवायला महिना गेला. इंग्रजी विभागाच्या प्रमुख शिक्षिका पंचावन्नच्या आसपासच्या, मोजके बोलणाऱ्या होत्या. त्या मला ‘लाओशी’ म्हणत आणि मीही त्यांना लाओशीच म्हणत असे. चीनमध्ये शिक्षकाला दुसरे संबोधन लागतच नाही. मी सोलापूरची आहे हे कळल्यावर त्यांनी लगेच ‘ख दीह्वा’ हे नाव घेतले. युद्धकाळात चीनमध्ये जखमींवर उपचार करणाऱ्या, सोलापूरच्याच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे हे चिनी नाव, आणि त्यांची समाधी याच शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. त्या ओळखीमुळे दार उघडले, पण अटी शिथिल झाल्या नाहीत. मासिक परीक्षेच्या आठवड्यात चाचणी घ्यायची नाही, मुलांची क्रमवारी लावायची नाही, पालकांची लेखी संमती घ्यायची, आणि निकाल माझ्या प्रबंधात अडकून न राहता मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे. ही शेवटची अट त्यांनी दोनदा सांगितली. आज मला वाटते, की माझ्या कामाला काही अर्थ आला असेल तर तो त्या अटीमुळे.

उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षातले दोन वर्ग मला मिळाले. वय पंधरा-सोळा, एकेका वर्गात पन्नासहून थोडी अधिक मुले. त्यांचा दिवस सकाळी सातच्या आत सुरू होई आणि रात्रीचा स्वयंअध्ययनाचा तास दहाच्या सुमाराला संपे. या दिवसातून मला वेळ मागून घ्यायचा होता, त्यामुळे एकही प्रश्न वाया जाऊ नये अशी जबाबदारी मला सतत जाणवत होती.

बी.एड.ला शिकलेला संविधान तक्ता, म्हणजे कशावर किती आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न याचा आराखडा, मी इतक्या मनापासून त्याआधी कधी भरला नव्हता. मुख्य कल्पना अशी ठरली, की तेच चाळीस शब्द मुलांना दोनदा विचारायचे, एकदा छापून आणि एकदा ऐकवून. एका वर्गाने आधी वाचायचे आणि दोन आठवड्यांनी ऐकायचे, दुसऱ्याने उलट. म्हणजे पहिल्या वेळची आठवण निकालात मिसळली तरी ती दोन्ही बाजूंना सारखी मिसळेल. त्याच्या जोडीला व्याकरणाचे तीस प्रश्न आणि नेहमीच्या धर्तीचे श्रवणाचे वीस प्रश्न. शब्द वापराच्या वारंवारतेनुसार निवडायचे, अगदी नेहमीचे पहिले हजार, मग दुसरे हजार, मग तिसरे, ही पद्धत न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी १९८० च्या दशकात शब्दसंपदेच्या चाचण्यांत रुजवली, आणि तिच्यात एक साधा तर्क आहे: जो शब्द जास्त वेळा भेटतो तो आधी येतो. मात्र हा तर्क या वर्गात एका शब्दापाशी मोडला. ‘अबॅन्डन’ हा काही फार नेहमीचा शब्द नव्हे, पण तो प्रत्येक मुलाला येत होता. वर्णक्रमाने लावलेल्या शब्दपुस्तकांत तो पहिल्या पानावर असतो, आणि पाठांतराचा प्रत्येक नवा संकल्प तिथूनच सुरू होतो. तो मी यादीतून काढला. पण शब्द माणसाकडे कोणत्या वाटेने आला, हे पाहिल्याशिवाय तो त्याला किती येतो हे सांगता येत नाही, ही शंका त्याने मनात पेरली.

ऐकून ओळखायच्या शब्दांसाठी पर्याय इंग्रजीत द्यायचे नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवले होते, कारण इंग्रजी पर्याय दिले की श्रवणाची चाचणी पुन्हा वाचनाची होते. शब्द ऐकवायचा, मग तोच शब्द असलेले एक साधे, अर्थ न फोडणारे वाक्य ऐकवायचे, आणि चार चिनी अर्थांतून एक निवडायला सांगायचे. हे चिनी पर्याय तयार करताना लाओशींनी माझी जी चूक दाखवली ती मला एकटीला कधीच दिसली नसती. चिनीत विशेषणाच्या शेवटी बहुधा ‘द’ हे एक ठरावीक अक्षर येते. माझ्या एका प्रश्नात चारपैकी एकाच पर्यायाला ते अक्षर होते, आणि ऐकवलेल्या वाक्यात शब्द ‘व्हेरी’नंतर आलेला होता. ज्याला शब्दाचा अर्थ अजिबात माहीत नाही, पण ‘व्हेरी’नंतर विशेषण येते एवढे ठाऊक आहे, त्यालाही उत्तर मिळाले असते. लाओशींनी लाल पेनने त्या अक्षराभोवती फक्त वर्तुळ काढले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग आम्ही दोघींनी बसून चाळीसही प्रश्नांतले सर्व पर्याय एकाच शब्दजातीचे करून घेतले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

व्याकरणाचा भाग मला सोपा वाटला होता, पण खरा कस तिथे लागला. पहिल्या मसुद्यावर मी चार-पाच मुलांना एकेकटे बसवून, उत्तर लिहिताना मनात काय चालले आहे ते चिनीत मोठ्याने बोलायला सांगितले. एका मुलाने क्रियापदाचे रूप क्षणात बरोबर लिहिले आणि कारणही सांगितले: आधी ‘बाय’ आहे, म्हणून पुढे ‘आयएनजी’. वाक्याचा अर्थ काय, असे विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले, की तो त्याने वाचलाच नाही, कारण त्याची गरज पडली नाही. त्याचे काही चुकले नव्हते. मी विचारलेल्या प्रश्नाला अर्थाची गरजच नव्हती. असे प्रश्न मोजले तर माझ्या तीसपैकी निम्म्याहून अधिक निघाले, आणि ते मी बदलले.

बदलताना चिनी भाषेचा विचार करावा लागला. चिनीत क्रियापदाला काळाचा प्रत्यय लागत नाही. घटना केव्हाची ते ‘काल’, ‘उद्या’, ‘आधीच’ अशा शब्दांवरून किंवा संदर्भावरून कळते. त्यामुळे इंग्रजी वाक्यात ‘यस्टर्डे’ दिसला की ही मुले भूतकाळाचे रूप बिनचूक लिहीत, आणि तो शब्द काढून घेतला, काळ फक्त आधीच्या वाक्याच्या अर्थावरून ओळखायचा ठेवला, की अडखळत. म्हणून मी कालवाचक शब्द नसलेले दोन-दोन वाक्यांचे प्रश्न रचले. मराठी मुले काळाच्या बाबतीत इतकी अडखळत नाहीत, कारण आमच्या क्रियापदात काळ असतोच. पण ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’च्या बाबतीत आपण आणि चिनी मुले एकाच बोटीत आहोत, दोन्ही भाषांत ही उपपदे नाहीत, आणि माझ्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकेतली उपपदे मी एका ब्रिटिश सहाध्यायिनीकडून तपासून घेतली.

आणखी एक साम्य मला फार जवळचे वाटले. ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात ही मुले पुढे ‘बट’ हमखास घालतात, कारण चिनीत ‘स्वेईरान’ आले की ‘दानशी’ यावेच लागते. सोलापुरात माझी मुले नेमके हेच करत, आणि मी वह्यांमधले ते ‘बट’ अकरा वर्षे लाल शाईने खोडत आले होते. ते आमच्या ‘जरी’ला हवे असलेले ‘तरी’ होते, हे मला चिनी मुलांच्या चुकीने शिकवले. चूक म्हणून जे दिसते ते बरेचदा आपल्या भाषेचा पाळलेला नियम असतो. सोलापूरच्या मुलांना मी हे कधी समजावून सांगितले नाही, याची रुखरुख अजून आहे.

ध्वनिमुद्रण कोणाच्या आवाजात करायचे यावर चर्चा झाली. मला माझा आवाज वापरायचा होता. जगात इंग्रजी बोलणारी माणसे काही एकाच सुरात बोलत नाहीत. लाओशी म्हणाल्या, की मुलांना गाओकाओतले, एका स्त्रीचे आणि एका पुरुषाचे संथ, स्वच्छ आवाज परिचयाचे आहेत, आणि अनोळखी उच्चाराने गुण गेले तर ते माझ्या प्रश्नाचे उत्तर ठरणार नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. एका वेळी एकच गोष्ट मोजायची असेल तर बाकीच्या जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. ती ब्रिटिश सहाध्यायिनी आणि अमेरिकेहून आलेला आणखी एक संशोधक यांच्याकडून मी सर्व मुद्रण करून घेतले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिसऱ्याच एका वर्गावर पूर्वचाचणी ठेवली. शिजियाझुआंगमध्ये १५ नोव्हेंबरला इमारती उबदार ठेवणारी यंत्रणा सुरू होते, खिडक्या बंद होतात आणि बाहेरची हवा धुरकट असल्याने त्या बंदच ठेवाव्या लागतात. दुपारचा तास होता. ध्वनिमुद्रण वर्गाच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून ऐकवायचे असे ठरले होते, आणि त्याच कर्ण्यातून शाळेच्या घंटा, सूचना, सगळे काही येते. चौदाव्या प्रश्नातला संवाद अर्ध्यावर आला असताना आवाज तुटला आणि त्याच्या जागी एक मंद संगीत सुरू झाले. ते डोळ्यांच्या व्यायामाचे संगीत होते. चिनी शाळांत १९६० च्या दशकापासून हा व्यायाम रोज ठरलेल्या वेळी होतो. काही क्षणांत पन्नास पेन्सिली बाकांवर आडव्या झाल्या, पन्नास जोडी डोळे मिटले, आणि अंगठे भुवयांच्या आतल्या टोकांशी जाऊन गोल फिरू लागले. कर्ण्यातला आवाज एक ते आठ आकडे मोजत होता. समोरच्या बाकावरच्या मुलीच्या नाकाजवळ पेन्सिलीच्या शिशाची काळी बोटे उमटली होती. मी हातात वेळापत्रक घेऊन उभी होते; ही वेळ त्यावर लिहिलेली होती आणि मी ती पाहिली नव्हती. चौदाव्या प्रश्नापासून पुढची सर्व उत्तरे रद्द करावी लागली, आणि तो वर्ग मला परत मिळाला नाही.

त्यानंतर मी कर्ण्यावर विसंबले नाही. चांगला स्पीकर स्वतः घेऊन गेले, रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी आणि उष्णतेच्या नळांजवळ बसून प्रत्येक ठिकाणी आवाज ऐकला, आणि मुख्य चाचण्या रात्रीच्या स्वयंअध्ययनाच्या तासाला घेतल्या. त्या वेळी सगळी इमारत इतकी शांत असते की पान उलटल्याचा आवाज येतो.

मुख्य चाचणीआधी एक पडताळणी उरली होती. श्रवणाचे वीस प्रश्न मी काही मुलांना काहीच न ऐकवता सोडवायला दिले. तीन पर्याय असले की निव्वळ अंदाजाने तिसरा हिस्सा बरोबर यावा. या मुलांचे त्याहून स्पष्टपणे अधिक आले. कसे, असे विचारल्यावर त्यांनी सगळे सांगून टाकले. तीन किमतींपैकी दोहोंची बेरीज तिसरी होत असेल तर तीच उत्तर असते. दोन पर्याय एकमेकांच्या विरुद्ध असतील तर तिसरा भरतीचा असतो. वक्त्याला काय वाटते असा प्रश्न असेल तर टोकाचे मत निवडू नये. वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका सोडवून त्यांनी प्रश्न काढणाऱ्याचे मन वाचायला शिकले होते, आणि या मेहनतीला मी बोल लावणार नाही. पण जो प्रश्न न ऐकता सुटतो तो श्रवणाचा प्रश्न नव्हे. सात प्रश्न पूर्ण नवे लिहिले.

मुलांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. हे गुण क्रमवारीत धरणार का? नाही म्हटल्यावर खांदे सैल पडताना मला दिसले, आणि जिथे काहीच पणाला नाही तिथे कोणी मनापासून का सोडवावे, ही चिंता मला पडली. मग मी त्यांना सांगितले, की प्रत्येकाला स्वतःचा एक कागद मिळेल. डोळ्यांना येणारे पण कानांना न येणारे शब्द त्यावर एका बाजूला लिहिलेले असतील, आणि तो कागद शिक्षक, पालक कोणीही पाहणार नाही. वर्गात कुजबुज झाली. डिसेंबरातल्या त्या रात्री एकाही मुलाने प्रश्न कोरा सोडला नाही.

उत्तरे मी हाताने तपासली. काठिण्यपातळी, विभेदनक्षमता (प्रश्न पुढच्या आणि मागच्या मुलांत किती फरक दाखवतो ते), कोणत्या प्रश्नात चुकीचा पर्याय हुशार मुलांनाही ओढून नेतो, ही आकडेमोड आवश्यक होती आणि ती मी केली. तिच्यात काही दोषी प्रश्न सापडले, ते वगळले. खरी गोष्ट मात्र दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसली. छापील शब्दांत जवळजवळ सगळे बरोबर आणि ऐकलेल्या त्याच शब्दांत मोठी गळती, असे चित्र एकामागून एक उत्तरपत्रिकांत येत राहिले. कोणत्या वर्गाने आधी वाचले आणि कोणत्या वर्गाने आधी ऐकले, याने त्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांची ही गळती मोठी, तेच नेहमीच्या श्रवणविभागातही मागे होते. व्याकरणात मात्र त्यांतले कित्येक वर्गात पुढे होते.

आठ मुलांशी मी स्वतंत्रपणे बोलले. त्यांच्यातल्या एका मुलीचे सगळे बोलणे माझ्या टिपणवहीत आहे. छापील चाळीसपैकी तिचा एकच शब्द चुकला होता. ऐकलेल्यांत ‘कम्फर्टेबल’ तिला आला नव्हता. मी ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. तिने डोळे मिटून ऐकले, मान हलवली, पुन्हा लावायला सांगितले, आणि मग म्हणाली, की या शब्दाला तीनच ठोके आहेत. मी शब्द लिहून दाखवला. तिने तो अक्षरावर बोट ठेवत, सकाळच्या तासाला घोकतात तसा चार ठोक्यांत वाचला: कम, फॉर, टे, बल. मग ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. ‘म्हणजे मला हा शब्द कधी येतच नव्हता का?’ असे तिने विचारले. मी तिला सांगितले, की शाळेत असताना मीही ‘व्हेजिटेबल’ चार ठोक्यांतच म्हणत होते, आणि तो शब्द मला येत होता. फक्त त्याचा आवाज माझा मीच तयार केलेला होता.

शब्दान्तीच्या व्यंजनांची अडचण आणखी खोल होती. मँडरिनमध्ये अक्षराचा शेवट स्वराने किंवा नाकातल्या दोन उच्चारांनी होतो, उत्तरेकडे फार तर ‘र’ने, ‘ट’, ‘ड’, ‘क’ शेवटी येतच नाहीत. ‘वर्क्ट’मधला शेवटचा ‘ट’ या कानांना मोठ्या कष्टाने पकडावा लागतो. भूतकाळाचे रूप कागदावर बिनचूक लिहिणारी मुले तेच रूप ऐकताना गमावत होती, आणि ‘कॅन’ आणि अमेरिकी उच्चारातला ‘कॅन्ट’ यांची गल्लत झाल्याने संवादाचा अर्थ उलटा होत होता. ‘ही’ आणि ‘शी’चेही तसेच. चिनीत दोन्हींसाठी लिहायची चिन्हे वेगळी आहेत, पण उच्चार एकच, ‘ता’. ऐकलेली गोष्ट परत सांगताना हुशार मुलेही आईला ‘ही’ म्हणत. व्याकरण त्यांना येत होते. कानाला ते फरक करायची सवय नव्हती.

उलट बाजूची उदाहरणे थोडी होती, पण मला ती सर्वांत मोलाची वाटली. शब्दसंपदेत वर्गात मागे असलेल्या एका मुलाने ‘ऑपोनंट’ ऐकून ओळखला होता आणि छापलेला चुकवला होता. तो शब्द त्याला ऑनलाइन खेळांतून आला होता. तो कसा लिहितात हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याच्याशी बोलताना मला शर्टाची किंमत आठवली. साऱ्या वर्गाला कानांनी, सुरासकट येणारे श्रवणाच्या परीक्षेतले ते एकमेव वाक्य होते, आणि ते शब्दपुस्तकातून नव्हे, तर ऐकूनच आले होते.

जानेवारीत, वसंतोत्सवाच्या सुटीआधी, मी प्रत्येकाचा कागद पाकिटात घालून दिला. लाओशींना मी फक्त शब्दांची एकत्रित यादी दिली, नावांशिवाय: डोळ्यांना येणारे आणि कानांना न येणारे बावीस शब्द. त्यांनी ती उभ्यानेच वाचली आणि त्यांतला एक शब्द मला मोठ्याने म्हणायला सांगितला, मग तोच शब्द स्वतः म्हणून पाहिला. सुटीनंतर त्यांनी सकाळच्या तासातली पहिली दहा मिनिटे बदलली. आधी पुस्तके मिटलेली, ध्वनिमुद्रणातला शब्द ऐकायचा, मागोमाग म्हणायचा, आणि मगच पान उघडायचे. यासाठी माझ्याकडचे मुद्रण त्यांनी मागून घेतले.

मार्चमध्ये मी त्या वर्गात शेवटची गेले, तेव्हा मागच्या भिंतीवरच्या फळ्यावर, जिथे मुले एरवी घोषवाक्ये आणि चित्रे काढतात तिथे, हिरव्या खडूने ‘कम्फर्टेबल’ लिहिलेला होता. अक्षर त्या मुलीचे होते. मधला न उच्चारायचा स्वर तिने बारीक रेघ ओढून खोडला होता, आणि खाली तीन ठिपके दिले होते.